श्रीमंत माणूस रुग्णालयाची पायरी कधी चढू लागला?

कोरा कागद (प्रश्न)

मुंबईतील १८९६ च्या प्लेगविषयी वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते, ती म्हणजे लोकांना रोगाइतकीच, किंबहुना काकणभर जास्तच, वाटलेली रुग्णालयाची भीती. ‘दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही’ हे वाक्य माझ्या आजीच्या पिढीपर्यंत आमच्या घरात सर्रास ऐकू येत असे. या भीतीची कारणे सांगताना बहुतेक लेखक दोनच गोष्टी पुढे करतात: एक तर लोक अडाणी होते, नाहीतर ती परक्या सत्तेने लादलेली परकी विद्या होती.

मला प्रश्न पडतो तो युरोपाविषयी. तिथे ही विद्या कोणालाच परकी नव्हती. असे असूनही एकोणिसाव्या शतकात बराच काळ लंडन किंवा पॅरिसमधील ऐपतदार माणूस औषधोपचार, बाळंतपण, इतकेच काय शस्त्रक्रियासुद्धा स्वतःच्या घरी करून घेत असे, आणि रुग्णालयात जात असे तो ज्याला घर नाही किंवा घरात बघणारे कोणी नाही असा माणूस, असे मी वाचले आहे. हे खरे असेल, तर डॉक्टर नक्की कोणाच्या शरीरावर शिकले? तिथल्या गरिबांनाही रुग्णालयाची भीती वाटत होती का? आणि पुढे असे काय घडले, की ज्या जागेत पाऊल टाकणे कमीपणाचे मानले जाई, तिथेच सधन माणसे पैसे मोजून दाखल होऊ लागली? मला शोधांची यादी नको आहे. कोण, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या संमतीने, हे समजून घ्यायचे आहे.

दिवेलागण

आपण वाचलेत ते बरोबर आहे. अठराव्या शतकातील सधन रुग्ण आणि त्याचा डॉक्टर यांचे नाते आजच्या अगदी उलट होते. पैसा रुग्णाचा, घर रुग्णाचे आणि आजाराची हकिकतही रुग्णाच्याच शब्दांत. डॉक्टर नाडी बघे, जीभ बघे, लघवीचा रंग बघे, पण अंगाला हात लावून कसून तपासणी करण्याची रीत फारशी नव्हती. एडिंबरोचे नामवंत प्राध्यापक विल्यम कलन अनेक रुग्णांना प्रत्यक्ष न पाहता निव्वळ टपालाने सल्ला देत असत, आणि तो पत्रव्यवहार आजही तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपून ठेवलेला आहे. ज्याच्या फीवर आपले घर चालते, त्या माणसाला ‘कपडे काढा आणि झोपा’ असे सांगण्याची त्या काळच्या डॉक्टरची पत नव्हती.

रुग्णालयांचा कारभार वेगळा होता. लंडनमध्ये १७२० ते १७४० या वीस वर्षांत वेस्टमिन्स्टर, गाइज, सेंट जॉर्जेस आणि लंडन हॉस्पिटल ही धर्मादाय रुग्णालये उभी राहिली. यांतली बहुतेक वर्गणीवर चालत, आणि वर्गणीदाराला पैशाच्या मोबदल्यात रुग्णाची शिफारस करण्याचा हक्क मिळे. आजारी गरिबाने आधी असा कोणी वर्गणीदार गाठायचा, त्याच्याकडून पत्र मिळवायचे आणि मग ठरावीक वारी दारात हजर व्हायचे. अपघाताने जखमी झालेल्यांना यातून सूट असे. मात्र सांसर्गिक ताप, देवी, गरोदरपण आणि असाध्य दुखणी यांना बहुधा दार बंदच असे, कारण वर्षाच्या अहवालात बरे झालेल्यांचा आकडा मोठा दिसला तरच पुढची वर्गणी येई. बरा झालेला रुग्ण घरी जाताना उपकारकर्त्यांचे रीतसर आभार मानी. नामवंत डॉक्टर इथे विनावेतन काम करत, पण ते तोट्यात नसत, कारण त्यांना शहरातील दानशूर मंडळींच्या ओळखी मिळत आणि फी भरणारे विद्यार्थीही मिळत.

विल्यम मार्सडेन या तरुण शल्यचिकित्सकाने १८२८ मध्ये लंडनमध्ये शिफारसपत्राशिवाय उपचार देणारी संस्था काढली, तीच पुढे रॉयल फ्री हॉस्पिटल म्हणून ओळखली जाऊ लागली. पत्राअभावी कुठेच प्रवेश न मिळालेली एक मरणासन्न मुलगी त्याला रात्री चर्चच्या पायऱ्यांवर आढळली आणि त्यातून हा विचार निघाला, असे सांगितले जाते. ‘गरिबांसाठी रुग्णालय’ आणि ‘गरिबाच्या हक्काचे रुग्णालय’ यांत केवढे अंतर होते, ते या एका संस्थेच्या जन्मावरून कळते.

पूर्वेची खिडकी

डॉक्टर कोणाच्या शरीरावर शिकले, या प्रश्नाचे उत्तर लंडनपेक्षा पॅरिसमध्ये अधिक स्वच्छ दिसते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या आदल्या वर्षी, म्हणजे १७८८ मध्ये, झाक तनाँ या शल्यचिकित्सकाने पॅरिसच्या रुग्णालयांवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयाचे वर्णन आहे. एका मोठ्या खाटेवर चार, कधी सहा माणसे, काहींचे डोके एका बाजूला तर काहींचे दुसऱ्या. त्यांत कोणी तापाने फणफणलेला, तर कोणी रात्रीतून मरून गेलेला. दाखल झालेल्या दर साडेचार रुग्णांमागे एक मरत असे, असा तनाँचा हिशेब होता. क्रांतीनंतर ही रुग्णालये चर्चच्या हातून निघून राष्ट्राच्या मालकीची झाली. १७९४ च्या अखेरीस पॅरिस, माँपेलिए आणि स्त्रासबूर इथे नवी वैद्यकीय विद्यालये काढण्यात आली, ज्यांत तोवर वेगळ्या जातीचे मानले गेलेले औषधवैद्य आणि शल्यचिकित्सक एकाच बाकावर शिकू लागले. त्यांनी पुस्तकांपेक्षा खाटेजवळ शिकावे, असा नव्या व्यवस्थेचा आग्रह होता.

या व्यवस्थेने डॉक्टरांना एक गोष्ट अशी मिळाली, जी कोणत्याही राजवैद्याला कधी मिळाली नव्हती: एकाच छपराखाली शेकडो रुग्ण, त्यांना तपासण्याची पूर्ण मोकळीक, आणि मृत्यूनंतर देह उघडून आपले निदान पडताळण्याची सोय. जिवंतपणी ऐकलेला आवाज आणि मृत्यूनंतर दिसलेली जखम यांची सांगड घालणे, हाच त्या नव्या वैद्यकाचा गाभा होता. ही सांगड घरी मरणाऱ्या सरदाराच्या बाबतीत घालता येत नव्हती. ज्याच्या प्रेतावर दावा सांगायला कोणी आले नाही, त्याच्याच बाबतीत ती बिनदिक्कत घालता येत होती.

स्टेथोस्कोपचेच उदाहरण घ्या. १८१६ मध्ये रने लेनेक यांच्यासमोर हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण, स्थूल स्त्री आली. तिच्या वयामुळे आणि ती स्त्री असल्यामुळे छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाचा ताव घट्ट गुंडाळला, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाशी धरले, तर हृदयाचे ठोके नुसत्या कानाने ऐकू येत त्याहून स्पष्ट ऐकू आले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यानंतरची तीन वर्षे मात्र सहसा कोणी सांगत नाही. लाकडी नळी घेऊन लेनेक नेकेर रुग्णालयातील क्षयाच्या आणि फुप्फुसाच्या रुग्णांच्या छात्या ऐकत राहिले, नोंदी करत राहिले, आणि त्यांतले जे मेले त्यांची फुप्फुसे उघडून कोणता आवाज कोणत्या विकाराचा ते ठरवत राहिले. १८१९ मध्ये त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या बिननावाच्या माणसांच्या जिवावर. १८२६ मध्ये लेनेक स्वतः क्षयानेच गेले, हेही इथे नोंदवायला हवे, कारण त्या वॉर्डात डॉक्टरही सुरक्षित नव्हता.

तरीही मी याला निव्वळ शोषण म्हणणार नाही. पिएर लुई या डॉक्टरांनी रुग्ण मोजायला सुरुवात केली, तीही याच रुग्णालयांत. न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांत, आजाराच्या पहिल्या चार दिवसांत ज्यांचे रक्त काढले त्या ४१ पैकी १८ दगावले आणि ज्यांचे रक्त उशिरा काढले त्या ३६ पैकी ९ दगावले. दोन्ही गटांतील माणसे वयाने वगैरे सारखी नव्हती, त्यामुळे या आकड्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, आणि लुईंनीही तो जपूनच काढला. पण ज्या काळात फ्रान्समध्ये रक्त काढण्यासाठी लागणाऱ्या जळवांची आयात कोटींच्या घरात होती, त्या काळात ‘रक्त काढल्याने माणूस खरोखर वाचतो का, हे मोजून बघू’ असे म्हणणे ही मोठी गोष्ट होती. गरिबांच्या खाटांवर मिळालेल्या या ज्ञानाने पुढे गरीब-श्रीमंत दोघांचेही रक्त वाचले. फक्त त्याची किंमत दोघांनी सारखी मोजली नव्हती.

वाटाड्या

वरच्या प्रतिसादात प्रेतांचा उल्लेख आला, म्हणून इंग्लंड-स्कॉटलंडची बाजू मांडतो, कारण गरिबांच्या भीतीचा उगम मला तिथे दिसतो.

ब्रिटनमध्ये १७५२ च्या कायद्याने खुनासाठी फाशी गेलेल्यांची प्रेते शवविच्छेदनाला देता येत. हा शिक्षेचाच भाग होता, म्हणजे फाशीपेक्षाही भयंकर असे काही तरी मरणानंतर घडेल ही जरब. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्यार्थी वाढले आणि प्रेते पुरेनात, तेव्हा कबरी उकरणाऱ्या टोळ्या फोफावल्या. कायद्याने प्रेत ही कोणाची मालमत्ता नव्हती, त्यामुळे ते नेणे चोरी ठरत नसे. कफन नेले तर मात्र चोरीचा गुन्हा लागे, म्हणून हे लोक देह उचलत आणि कपडा परत खड्ड्यात टाकून जात. ऐपत असणारे शिशाचे अस्तर असलेली पेटी घेत, राखणदार ठेवत, स्कॉटलंडमध्ये कबरीवर लोखंडी पिंजरा बसवत. गरिबाची उथळ, सामायिक कबर उघडीच असे.

एडिंबरोत १८२८ मध्ये बर्क आणि हेअर यांनी उकरण्याचे कष्टही टाळले. सोळा माणसे मारून त्यांनी ती रॉबर्ट नॉक्स या शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाला विकली. मेलेले लोक कोण होते, ते पाहण्यासारखे आहे: फिरस्ते, भिकारी, एकट्या बाया, म्हणजे नाहीसे झाले तरी ज्यांची चौकशी होणार नाही असे. बर्क फाशी गेला आणि त्याचे विच्छेदन झाले. नॉक्स यांच्यावर खटला झाला नाही.

यावर उपाय म्हणून १८३२ चा शरीररचना कायदा आला. त्याने खुन्यांच्या विच्छेदनाची शिक्षा रद्द केली आणि तिच्या जागी निराधारगृहांत व रुग्णालयांत मेलेल्यांपैकी ज्यांना कोणी नातलग न्यायला आले नाहीत, त्यांची प्रेते देण्याची वाट मोकळी केली. जिवंतपणी हरकत नोंदवण्याची तरतूद कागदावर होती, पण वॉर्डात मरायला टेकलेल्या निरक्षर माणसाने ती कशी नोंदवावी? अंत्यविधीचा खर्च झेपत नाही म्हणून न आलेला नातलगही ‘कोणी नाही’ यातच जमा झाला. कालपर्यंत जी खुनाची शिक्षा होती ती आज गरिबीची शिक्षा झाली, असे विरोधक तेव्हा उघड म्हणत होते, आणि ते चुकीचे होते असे मला वाटत नाही. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी मात्र त्याच वर्षी जूनमध्ये आपला देह स्वखुशीने विच्छेदनासाठी दिला आणि श्रीमंतांनीही तसे करावे असा पायंडा घालू पाहिला. तो फारसा कोणी गिरवला नाही.

आता हाच काळ ब्रिटनमधील पटकीच्या (कॉलऱ्याच्या) पहिल्या साथीचा आहे, हे ध्यानात घ्या. सप्टेंबर १८३२ मध्ये मँचेस्टरच्या पटकी रुग्णालयात एक लहान मूल दगावले. दफनाच्या वेळी आजोबांना संशय आला म्हणून त्यांनी पेटी उघडायला लावली, तर मुलाच्या डोक्याच्या जागी वीट होती. ती उघडी पेटी खांद्यावर घेऊन हजारोंचा जमाव रुग्णालयावर चालून गेला, खिडक्या फुटल्या, सामान बाहेर फेकले गेले. लिव्हरपूललाही त्या उन्हाळ्यात दंगली झाल्या. आदल्या डिसेंबरात ॲबर्डीनमध्ये एका कुत्र्याने विच्छेदनगृहामागची मानवी हाडे उकरली आणि लोकांनी ती इमारतच जाळून टाकली. ‘डॉक्टर प्रेतांसाठी आम्हाला मारतात’ ही अफवा होती खरी, पण बर्कला फाशी देऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती.

कोरा कागद

सर्वांचे मनापासून आभार. मँचेस्टरची हकिकत वाचून सुन्न झालो. इथे एक उपप्रश्न: भीती समजण्यासारखी आहे, पण रुग्णालयात खरोखर मरण जास्त होते का? म्हणजे वॉर्डातील रुग्णांना जे वाटत होते, ते आकड्यांतही दिसते का?

सहाण

मी नर्सिंग कॉलेजमध्ये प्रसूतिपरिचर्या शिकवते, त्यामुळे या उपप्रश्नाला व्हिएन्नाचे उदाहरण देते. इथे रुग्णांचा अंदाज आणि आकडे तंतोतंत जुळतात.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. १८४० पासून पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी. गरीब, बहुतांशी अविवाहित बायका इथे येत, कारण बाळंतपण फुकट होई आणि मूल अनाथगृहात ठेवता येई. त्याच्या मोबदल्यात आपल्या अंगावर विद्यार्थ्यांना शिकू द्यायचे, हा सौदा होता. दाखल करून घेण्याचे दिवस दोन्ही कक्षांत आळीपाळीने असत. १८४६ मध्ये पहिल्या कक्षात ४०१० पैकी ४५९ बाळंतिणी दगावल्या, म्हणजे ११.४ टक्के. दुसऱ्यात ३७५४ पैकी १०५, म्हणजे २.८ टक्के. एकच इमारत, एकच हवा, एकाच थरातल्या बायका.

हे डॉक्टरांच्या समितीला उमगायच्या आधी शहरातल्या मोलकरणींना ठाऊक होते. तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी लिहून ठेवले आहे की पहिल्या कक्षाची पाळी आहे असे कळताच बायका गुडघे टेकून, हात जोडून, दुसरीकडे पाठवा म्हणून विनवत. काही जणी रस्त्यातच बाळंत होत, किंवा झाल्याचे सांगत, म्हणजे अनाथगृहाचा हक्क मिळे आणि तपासणी टळे, आणि या रस्त्यात बाळंत झालेल्यांना सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतपणानंतरचा जीवघेणा ताप, कमी होई. पाद्री मरणाऱ्या स्त्रीला अखेरचा संस्कार द्यायला जाताना पुढे घंटा वाजत असे. पहिल्या कक्षात त्याला पाच दालने ओलांडावी लागत, आणि त्या प्रत्येक दालनात अजून धडधाकट असलेल्या बाळंतिणी ती घंटा ऐकत. सेमेलवाइस यांनी त्याला घंटेशिवाय, दुसऱ्या वाटेने यायला लावले. मृत्यू कमी झाले नाहीत, पण घंटेचा विचार करणारा डॉक्टर मला मोठा वाटतो.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी याकोब कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी लागली आणि ते बाळंतिणींसारख्याच लक्षणांनी वारले. विद्यार्थी सकाळी प्रेते उघडतात आणि त्याच हातांनी बायकांना तपासतात, ही गोष्ट सेमेलवाइस यांच्या ध्यानात आली. मेपासून क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली आणि १८४८ मध्ये पहिल्या कक्षाचे प्रमाण १.२७ टक्क्यांवर आले, दुसऱ्यापेक्षाही किंचित कमी. पॅरिसच्या ज्या पद्धतीचे वर वर्णन आले आहे, खाट आणि विच्छेदनाचे टेबल यांची ती सांगडच इथे बायकांना मारत होती.

१८४९ मध्ये सेमेलवाइस यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. इतिहासात त्यांच्या एकाकीपणावर पुष्कळ लिहिले जाते. दाराशी विनवण्या करणाऱ्या त्या बायकांचे निरीक्षण बरोबर होते, हे मात्र त्याच जोराने लिहिले जात नाही, याची मला खंत आहे.

दिवेलागण

मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग राहिला, तो थोडक्यात. भूल १८४६ मध्ये बॉस्टनला सर्वांसमोर दिली गेली, जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगोत कार्बॉलिक ॲसिड या जंतुनाशकाचा वापर १८६५ मध्ये सुरू केला आणि १८६७ मध्ये त्यावर लेख लिहिले. १८६० पासून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शाळेतून शिकलेल्या परिचारिका वॉर्डात येऊ लागल्या. एवढे होऊनही सधन माणूस लगेच रुग्णालयाकडे वळला नाही, कारण भूल, जंतुनाशक आणि परिचारिका या तिन्ही गोष्टी घरी आणता येत होत्या. जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना त्याच्या पोटातला गळू उघडावा लागला, तेव्हा शस्त्रक्रिया बकिंगहॅम राजवाड्यातल्या एका खोलीत टेबल मांडून झाली. राजाला रुग्णालयात नेण्याचा प्रश्नच नव्हता.

बदल घडवला तो घरी न आणता येणाऱ्या गोष्टींनी. क्ष-किरण यंत्र, प्रयोगशाळा, निर्जंतुक शस्त्रक्रियागृह आणि तिथे कायम हजर असलेली माणसे. शिवाय शहरांतली घरे लहान झाली आणि शुश्रूषा करणाऱ्या बायका नोकरीला लागल्या. मग रुग्णालयांनी पैसे देणाऱ्यांसाठी स्वतंत्र खोल्या काढल्या, त्यांत पडदे, वेगळे जेवण आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्यांपासून सुटका. शिकण्यासाठी लागणारी शरीरे सार्वजनिक वॉर्डातूनच येत राहिली. अमेरिकेत १९२९ मध्ये डॅलसच्या शिक्षकांनी वर्षाला ६ डॉलर भरून २१ दिवसांच्या रुग्णालयवासाची हमी घेतली, तेव्हा मध्यमवर्गही या दाराशी पोचला. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि दारातले दान संपून हक्क आला.

वाटाड्या

प्रश्नाची सुरुवात मुंबईपासून झाली होती, म्हणून तेवढे जोडतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच रुग्णांना सक्तीने हलवण्याचा अधिकार पालिकेने घेतला, आणि महिना संपायच्या आत सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले. रुग्णाला उलटे टांगून त्याच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचा औषधी अर्क काढतात, ही अफवा त्या काळात सर्वत्र होती. मँचेस्टर आणि मुंबई यांत ६४ वर्षांचे अंतर आहे, धर्म, भाषा, सत्ता सगळे वेगळे आहे, आणि तरीही दोन्हीकडे कामगारांना पडलेला प्रश्न एकच आहे: आत गेल्यावर हे शरीर कोणाचे? त्यामुळे केवळ परकेपणाने ही भीती उलगडत नाही, असे माझे मत आहे.

परकेपणाने भर घातली ती सक्तीत. पुण्यात घरझडतीला गोरे शिपाई आले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, अशा तक्रारी झाल्या. याउलट जिथे आपली माणसे शुश्रूषेला होती, तिथे लोक आपणहून गेले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला, आणि तिथेच संसर्ग होऊन सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी वारल्या. टिळकांनीही पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय काढले. मुंबईत जातवार आणि पंथवार रुग्णालये निघाली. मार्च १८९८ मध्ये एका रुग्ण मुलीला तपासण्यावरून मुंबईत पुन्हा दंगल झाली, आणि त्यानंतर सरकारने सक्तीची धार बरीच कमी केली.